२८०झेडएक्सचं जुनं इंजिन २४०झेडमध्ये बसवायचंय, आधी साफ कसं करू?

पाना_पक्कड

मंडळी, गाडी १९७२ ची डॅटसन २४०झेड, मुक्काम फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया. मूळचं एल२४ इंजिन निळा धूर ओकतं आणि घाटात दमतं. ते बांधायचा खर्च ऐकून डोळे पांढरे झाले. तेवढ्यात सॅक्रामेंटोकडच्या एका माणसाकडे त्याच मालिकेतलं एल२८ इंजिन मिळालं. १९८२ च्या २८०झेडएक्समधलं आहे, ब्लॉक (सिलेंडरांचा खालचा भाग) एफ५४, हेड (वरचा व्हॉल्व्हांचा भाग) पी७९. ती गाडी ऑटोमॅटिक होती आणि मागून ठोकलेली, त्यामुळे इंजिनाला धक्का नाही. मूळ इंजिन विकणार नाही, गाडीशी नंबर जुळणारं आहे, कोपऱ्यात झाकून ठेवीन. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना इथे स्मॉग (धुराची) तपासणी नाही, म्हणजे सरकारी कटकटही नाही.

कटकट आहे ती घाणीची. इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं. ऑइल पॅनवर बोटभर जाडीचा काळा थर, त्यात वाळू, गवत, एक खिळा. हेड पांढरट राखाडी पडलंय. विकणाऱ्याने इनटेक मॅनिफोल्ड आधीच काढून दुसऱ्याला विकलं होतं, त्यामुळे पोर्ट उघडे. मागच्या बाजूच्या एका पोर्टमध्ये उंदराचं घरटं आहे, चांगलं कापूसबिपूस घालून सजवलेलं.

माझा बेत असा: प्रेशर वॉशर भाड्याने आणायचा, ड्राइव्हवेत एकदा जोरात मारायचा, मग निळा रंग. शेजारी म्हणतो आधी ओव्हन क्लीनर फवार, मळ लोण्यासारखा सुटतो. हेड उघडायची इच्छा नाही, इंजिन हाताने फिरतंय. बरोबर चाललंय ना?

---

वाचनमात्र

उंदराला नोटीस दिलीत का? भाडेकरू कायदा तिकडे कडक आहे म्हणतात. धाग्याकडे लक्ष ठेवून आहे.

---

उद्यमनगरी

पोरा, प्रेशर वॉशर आणू नको. आणला असशील तर कंपाउंडची भिंत धुऊन परत दे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं इंजिन बांधायचं दुकान, आता पोरगा बघतो. जन्म गेला डिझेल इंजिनं, जीपा, अ‍ॅम्बॅसेडर आणि नंतर मारुत्या उघडण्यात. डॅटसन कधी हाताखाली आली नाही, पण खाली बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड म्हटलं की दुखणी तीच.

धुण्याआधी ते इंजिन बघ. सगळ्या बाजूंनी फोटो काढ आणि टॉर्च घेऊन खाली बस. तेल गळतं ते खाली आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला डाग शोधायचा, गळती तिथे. पॅन काळं आहे म्हणून पॅनचं गॅस्केट बदलणारे लई बघितले, गळत असतं वरचं टॅपेट कव्हर. काळ्या थरात मधेच स्वच्छ धुतलेला पट्टा दिसला तर तिथून पाणी किंवा पेट्रोल वाहिलंय. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याच्या टोप्या असतात त्यांच्या कडेला हिरवी-पांढरी खपली असेल तर ती टोपी कुजली, बदल. हे सगळं एकदा धुतलंस की पुरावा गेला.

मग पॅनचा तेल सोडायचा ड्रेन बोल्ट. इंजिन इतके दिवस पडून आहे, तर बोल्ट एकदम काढू नको. खाली पांढरं भांडं ठेव आणि आटेआट ढिला कर. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि पहिलं तेच येतं. नुसतं थेंबभर आलं तर दव समज, ओंजळभर आलं तर हेड गॅस्केटचा संशय धर. आलेलं तेल बोटांत चोळ. काळं असलं तर चालतं, खरखर लागली तर नाही चालत. उन्हात धरून बघ, सोनेरी चमक दिसली तर बेअरिंग खाल्लंय. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघ, इंजिनाची जन्मपत्रिका त्यात असते.

आता भोकं बंद करायची. चिंध्या कोंबू नको. चिंधी आत राहते, आणि ओली झाली की घाण आत ओढते. चिकटपट्टीही रॉकेल लागलं की सुटते. पत्र्याचे तुकडे काप, जुनं गॅस्केट खाली घालून बोल्टने आवळ. इनटेक, एक्झॉस्ट, थर्मोस्टॅट, डिस्ट्रिब्युटरचं भोक आणि ब्लॉकच्या बाजूची श्वासनळी. ही शेवटची हमखास विसरतात आणि ती थेट क्रँकवर उघडते. जुने प्लग जागेवर आवळून ठेव.

पहिलं काम कोरडं. लाकडी पट्टी घे, लोखंडी पॅनवर पुट्टीचं पातं चालेल, आणि खरवडून पुठ्ठ्यावर पाड. निम्म्याहून जास्त घाण अशीच निघते. पाणी मारलंस की तीच घाण पातळ होऊन चौफेर पसरते. मग रॉकेल आणि ब्रश, अर्धा तास मुरू दे, पुन्हा ब्रश. शेवटी पाण्यात मिसळायचं डिग्रीझर आणि बागेच्या नळीचं साधं पाणी. पेट्रोलने धुवायचं नाही. आणि मुलीकडे गेलो होतो तेव्हा बघितलंय, तुमच्या गॅरेजात गॅसचा पाणी तापवायचा बंब असतो, आत ज्योत जळत असते. रॉकेलचं काम त्याच्या शेजारी करायचं नाही, उघड्यावर करायचं.

ओव्हन क्लीनरचं विसर. ते कॉस्टिक असतं. आमच्याकडे कॉस्टिकची टाकी होती, खाली भट्टी. बिडाचा ब्लॉक रात्री सोडायचा, सकाळी कोरा. एका नव्या पोराने त्यात अ‍ॅल्युमिनियमचं हेड सोडलं. टाकी फसफसून वर आली, हेड काळंठिक्कर पडलं आणि गॅस्केट बसते ती सपाट बाजू, म्हणजे फेस, पार खाल्ली गेली. त्यातून निघतो तो हायड्रोजन, आणि खाली भट्टी पेटलेली. पोराला काही झालं नाही ही अंबाबाईची कृपा.

आणखी एक. गॅस्केट खरवडायला त्या जाळीच्या फिरत्या चकत्या वापरू नको. चकतीतून अ‍ॅल्युमिनाची पूड सुटते, डोळ्याला दिसत नाही, आणि बेअरिंगमधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांशाची. अमेरिकेत जनरल मोटर्सने या चकत्यांबद्दल आपल्या मेकॅनिकांना लेखी ताकीद दिलेली आहे. न खोललेल्या इंजिनावर वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा मारा तर कुणी फुकट करून दिला तरी नको. मणी ऑइल गॅलरीत, म्हणजे तेलाच्या आतल्या वाटांत, बसतात आणि पहिल्या पाचशे किलोमीटरात बाहेर येतात.

धुतल्यावर लगेच हवा मार आणि उघड्या लोखंडावर डब्ल्यूडी-४० फवार. बिडावर गंज चहा पिऊन येईपर्यंत चढतो.

---

मृण्मयी_मिशिगन

काकांना दंडवत. झेडपुरतं मी सांगते, माझ्या १९७१ च्या गाडीत हाच बदल केला आहे.

आधी उंदीर. घरट्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, व्हॅक्यूमही नको. अमेरिकेत उंदरांच्या वाळलेल्या लेंड्यांतून आणि मुतातून हंटाव्हायरस होऊ शकतो, आणि कॅलिफोर्निया त्यातून सुटलेलं नाही. हातमोजे, मास्क, आणि पाण्यात मिसळलेलं ब्लीच फवारून पाच मिनिटं थांबा, मग ओलं असतानाच उचलून पिशवीत. नंतर लगेच पाण्याने पुसा, ब्लीच अ‍ॅल्युमिनियमवर ठेवून द्यायचं नसतं.

आणि हेड उघडावंच लागेल. पोर्टमध्ये घरटं आहे, तुम्ही इंजिन हाताने फिरवलंय, म्हणजे तो इनटेक व्हॉल्व्ह निदान एकदा तरी उघडला आहे. कापूस खाली सिलेंडरमध्ये पडला नसेल याची खात्री कोण देणार? आता आणखी फिरवू नका.

एल मालिकेत हेड काढताना एकच मोठा सापळा आहे. कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) दातेरी चकती काढण्याआधी साखळीच्या दोन बाजूंमध्ये वरून लाकडी पाचर ठोकायची. नाही ठोकली तर साखळी ताणून धरणारा टेन्शनर बाहेर उडी मारतो आणि मग पुढचं अख्खं कव्हर उतरवावं लागतं. पाचर स्वतः तासा, पक्कं लाकूड घ्या, वर दोरी बांधा. साखळीवर आणि चकतीवर जुळणाऱ्या खुणा रंगाने करून ठेवा. हेडचे बोल्ट टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडवायचे. त्यांची डोकी आतून षटकोनी असतात आणि त्यात मळ भरलेला असतो. तो सुईने कोरून काढल्याशिवाय पाना घातला की कोपरे गेलेच.

हेड टेबलावर सपाट ठेवू नका, उघडे व्हॉल्व्ह खाली आलेले असतात, वाकतील. दोन लाकडांवर ठेवा. साफ करताना कॅमचे टॉवर (कॅम ज्यांवर टेकतो ते खांब) अजिबात हलवू नका, एका रेषेत बसवलेले असतात. रॉकर आणि त्यांच्याखालचे छोटे पॅड पुठ्ठ्यावर क्रमाने खोचा, आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत. एक्झॉस्टचे स्टड, विशेषतः मागच्या टोकाचे, मोडायला टपलेले असतात. आदल्या रात्री भेदक तेल, मग गरम करून पुढे-मागे. सरळपट्टी ठेवून हेडचा फेस बघा. ०.१ मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर मशीन शॉप.

२८०झेडएक्सचं ऑइल पॅन घासण्यात वेळ घालवू नका, ते तुमच्या गाडीत बसणारच नाही, इंजिनाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरला अडेल. जुन्या एल२४ चं पॅन आणि आतली तेल ओढायची नळी, दोन्ही काढून घ्या. चमकवायचं असेल तर ते चमकवा.

रंग: २४०झेडचा ब्लॉक निळा असायचा, हेड उघडं अ‍ॅल्युमिनियम. ब्लॉकवरच्या इंजिन नंबरवर पट्टी लावा, तो कोरलेला असतो आणि दोन जाड थरांत बुजतो.

---

पाना_पक्कड

काका, मृण्मयीताई, दोघांचेही आभार. वॉशरचं बुकिंग रद्द केलं. सोसायटीवाल्यांचं पत्र येण्याआधीच शहाणपण सुचलं म्हणायचं, इथलं रस्त्याकडेचं गटार थेट खाडीत जातं. खाली मुलीचा जुना फुगवायचा पूल अंथरला, त्यात सगळं पडलं. आता ते डब्यांत भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात देईन.

ड्रेनमधून पाणी आलं नाही. तेल काळं, पण खरखर नाही. गळती म्हणाल तर काका, तुम्ही म्हणालात तेच: टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून ओघळ सुरू होतोय आणि पॅन बिचारं निर्दोष.

हेड काढलं. पाचर शिसवीची नाही, ओकची केली. पाच नंबरच्या पिस्टनवर कापसाचा बोळा आणि दोन अक्रोडाची टरफलं निघाली! बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे घासणीच्या, तिरक्या रेघा अजून दिसतात, वरच्या कडेला नख अडत नाही. सहा नंबरच्या मागचा स्टड मोडलाच, पण वर पकडण्याइतका तुकडा शिल्लक आहे.

आता अडलोय ते वेगळ्याच जागी. ऑटोमॅटिकची फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) काढली, तर क्रँकच्या मागच्या भोकात एक नळकांडी घट्ट बसली आहे. माझा गिअरबॉक्स मॅन्युअल, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बुश तिथेच बसायला हवं ना?

---

मृण्मयी_मिशिगन

हो, ती ऑटोमॅटिकची, काढावीच लागेल. नवं पायलट बुश सच्छिद्र कांस्याचं असतं, त्यात तेल मुरवलेलं असतं. स्वच्छतेच्या भरात ते डिग्रीझरमध्ये टाकू नका, तेल निघून जाईल आणि इनपुट शाफ्ट कोरडा फिरेल. तेलात भिजवून ठेवा आणि तसंच ठोका.

---

उद्यमनगरी

नळकांडी काढायला पुलर विकत घेऊ नको. भोक ग्रीसने काठोकाठ भर. भोकात जेमतेम जाईल असा गज किंवा जुना गिअरबॉक्स शाफ्ट घे आणि हातोडीने ठोक. ग्रीसला जायला जागा नाही, ते मागून नळकांडीला ढकलत बाहेर आणतं. गज सैल असेल तर ग्रीस तोंडावर उडतं, चष्मा घाल. ग्रीस दाद देत नसेल तर ओला पाव कोंब, तो कडेने निसटत नाही. आमच्याकडे कणीकही चालते, पण घरात विचारून घे.

मोडलेल्या स्टडचं: तुकडा वर आहे तर त्यावर नट बसवून आतून वेल्डिंगचा टाका मार. उष्णतेने पकड सुटते, नट गरम असतानाच फिरव. पण त्या जागेवर ब्रेक क्लीनर मारला असशील तर आधी डबा वाच. क्लोरीनवाला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेत त्याचा विषारी वायू होतो. पुसून, पूर्ण वाळवून, दार उघडं ठेवून मगच टाका मार.

---

पाना_पक्कड

डबा बघितला, बिनक्लोरीनचा निघाला. नळकांडी पावाने निघाली, ग्रीस सगळं माझ्या शर्टावर आलं होतं. हेड उद्या मशीन शॉपला देतोय, मधल्या दोन सिलेंडरांपाशी सरळपट्टीखाली फट मोजायचं फीलर गेजचं पान सरकतंय. काका, फेस घासून आल्यावर पाण्याच्या वाटा आतून कशा साफ करू? आत विटकरी गाळ बसलाय.

---

उद्यमनगरी

घासून आल्यावर नव्हे, देण्याआधी. तारेने जेवढा निघेल तेवढा गाळ मोकळा कर आणि नळीने उलट्या दिशेने पाणी सोड. हेडमध्ये आम्ल घालू नको. ब्लॉकमधला गंज काढायला तुमच्याकडे ते न जाळणारं गंजनाशक मिळतं, इव्हापो-रस्ट, ते ब्लॉकमध्ये भरून रात्रभर ठेव. आणि मशीनवाल्याला सांग, प्रेशर टेस्ट आधी कर, घासणं मग. चिरलेलं निघालं तर घासायचे पैसे कशाला द्यायचे?