बी विंग ग्रुप : ४०२ चा गालिचा

लिमये काका (३०२): काल रात्री ११.२० ला परत डोक्यावर खुर्च्या सरकवण्याचा कार्यक्रम. गणपतीपूर्वीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते पुन्हा लिहीत नाही. संबंधितांनी समजून घ्यावं.

अमृता (४०२): काका, संबंधित म्हणजे आम्हीच, नाव घेतलंत तरी चालेल 🙂 पाहुणे होते काल. हॉलसाठी भदोहीहून मापाचा गालिचा करून घेतोय, सहा बाय नऊ. मग आवाजाचा प्रश्नच मिटला.

लिमये काका: कधी येणार?

अमृता: तीन-साडेतीन महिने म्हणालेत.

लिमये काका: म्हणजे संक्रांतीपर्यंत आम्ही जागेच. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं लावा. कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात.

देशपांडे (६०१): वेळ लागणारच. चौरस इंचाला ६० गाठी धरल्या तरी ६ बाय ९ मध्ये ४,६६,५६० गाठी होतात. एकेक गाठ हाताने. त्यानंतर धुलाई, कातरणी, ताणून वाळवणं वेगळंच.

राणे (१०४): एवढा बारीक हिशेब सिंकिंग फंडाचा केला असता तर 🙏

देशपांडे: ऑडिट रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावलाय. ज्यांना वाचायचा त्यांनी वाचावा.

सोनल (५०३): अमृता, नक्की गाठींचाच ना? मला 'हँडमेड' म्हणून टफ्टेड दिला होता. गनने कापडात लोकर मारतात, लॅटेक्सने चिकटवतात आणि मागून दुसरं कापड लावतात. माझं लॅटेक्स सुटलं, आता गालिचा उचलला की खाली पिवळी पूड. गाठींचा असेल तर उलटा केल्यावर मागेही तीच नक्षी दिसते. झालर ताण्याच्या म्हणजे उभ्या दोऱ्यांचीच असते, वरून शिवलेली नसते. सँपल मागव आणि उलटं करून बघ.

अमृता: गाठींचाच गं. किंमत ऐकून ह्यांना घाम फुटला होता. चमक यावी म्हणून थोडं बांबू सिल्क घालू म्हणतोय गालिचेवाला.

सोनल: अजिबात नको!! ते व्हिस्कोस असतं. चहा सांडला आणि ओल्या फडक्याने पुसलं की तेवढाच भाग कडक नि पिवळट. सरळ लोकर घे. सुरुवातीला लोकर गळते, घाबरू नकोस.

कदम वहिनी (२०२): गळलेली लोकर आणि धूळ गॅलरीतून झटकू नये ही नम्र विनंती. खाली आमचे कपडे वाळत असतात. मागच्या वेळी पायपुसणी झटकली होती कोणीतरी. नाव घेत नाही.

लिमये काका: रबरी बुचं. आजच लावता येतील.

राणे: आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी गालिचा विणला होता, तो विंडसर कॅसलमध्ये आहे म्हणे. आपल्या कमिटीलाही एक माग घेऊन देऊ का? हाताला काम राहील.

देशपांडे: ॲडमिन, ह्या ग्रुपचा उद्देश काय आहे हे एकदा स्पष्ट करावं.

सेक्रेटरी (७०२): सर्वांनी विषयाला धरून लिहावे. अमृता मॅडम, गालिचा नऊ फुटांच्या बाजूने गुंडाळून पाठवायला सांगा, म्हणजे गुंडाळी सहा फुटांची होईल आणि लिफ्टमध्ये उभी मावेल. सोफ्याच्या वेळचा दाराचा ओरखडा अजून तसाच आहे.

अमृता: तो ओरखडा आमच्या आधीपासून होता. फोटो आहे माझ्याकडे.

सोनल: ए पण सहा बाय नऊ टाकणार कुठे?

अमृता: सोफ्यापुढे. सोफ्याचे पुढचे पाय वर येतील असं माप घेतलंय.

लिमये काका: आवाज जेवणाच्या टेबलाचा येतो!! सोफा कोण सरकवतं रात्री?

सोनल: काकांचं बरोबर आहे. टेबलाखाली हवा तो. टेबल ५ बाय ३ चं असेल तर चारही बाजूंनी दोन-अडीच फूट जास्त धर, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी गालिच्यावरच राहील. आणि तिथे जाड लोकरीचा नको, भाताची शितं काढत बसशील. मिर्झापूरची सतरंजीसारखी सपाट दरी घे, खाली फेल्टचं पॅड. ऑर्डरआधी तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं पसर आणि घरातलं दार उघडून बघ, खाली घासतं का.

जोशी आजी (१०१): आमच्याकडे पंगतीला सतरंजी असायची. खुर्च्याच नव्हत्या.

राणे: आजी, विषय संपवलात 😄

अमृता: ॲडव्हान्स अजून दिला नाहीये. ह्यांच्याशी बोलते. आणि काका, बुचं आणलीत, लावूनही झाली. आता शांत झोपा.

लिमये काका: सहाही खुर्च्यांना?

अमृता: चार. दोन खुर्च्यांचे पाय जाड आहेत, बूच बसत नाही.

लिमये काका: त्या दोनच सरकतात.