हापूसला मोहोर भरगच्च, फळ नाही. कलमं 'नर' असतात का? सल्ला हवा

कातळमाळ
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात कातळावर वडिलांनी लावलेली हापूसची कलमं आहेत. थंडी पडली की मोहोर असा येतो की पान दिसत नाही, पण कणी धरायची वेळ आली की नुसते दांडे उरतात. वाडीतले जाणते म्हणतात, "ही कलमं नर, घाला कुऱ्हाड." औषधवाल्याने फवारण्यांची लांबलचक यादी हातात दिलीय. मी मुंबईला, सुट्टीपुरता गावी. तोडू, फवारू की मध्ये दुसरी जात लावू? लावायची तर कोणती?

रातांबा
कुऱ्हाड आधी खाली ठेवा. नर झाड असतं ते कोकमाचं. बियांपासून रोपं केली तर जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत पाच-सात वर्षं खतपाणी घालून झालेलं असतं. म्हणून कोकमाची मादी झाडावरून केलेलीच कलमं घ्यायची. आंब्यात सगळं एकाच झाडावर, एकाच तुऱ्यात असतं. पुढचं जाणकार सांगतील.

पाचरकलम
रातांबा म्हणतात ते बरोबर. आंब्याच्या एका तुऱ्यात दोन प्रकारची फुलं येतात, नुसती नर आणि स्त्री-पुरुष दोन्ही अंग असलेली, म्हणजे संयुक्त. नुसती मादी फुलं आंब्याला येतच नाहीत.

आता मोहोर आला की सकाळी एक तुरा काढा आणि भिंग घेऊन ओटीवर बसा. उमललेल्या फुलात पाच पाकळ्या, मध्ये मांसल चकती. चकतीवर फिकट पिवळसर-हिरवी बारीक गोळी बसलेली दिसली आणि तिच्या कडेने एक दांडी वर गेलेली असली, तर फूल संयुक्त. ती गोळी म्हणजेच पुढची कैरी. चकती रिकामी आणि बाजूला गुलाबी टोकाचा एकच पुंकेसर, तर नर. परागकण सुटले की ते गुलाबी टोक जांभळट पडतं. तुऱ्याच्या शेंड्याकडची फुलं जरूर बघा, संयुक्त फुलं तिकडे जास्त सापडतात.

हापूसमध्ये मुळातच संयुक्त फुलं कमी, शंभरात साधारण दहाच्या आसपास धरा. लंगड्यात हे प्रमाण निम्म्याच्याही वर जातं. तुरा तयार होताना थंडी कडक असेल तर नर फुलं आणखी वाढतात. म्हणजे ज्या थंडीने मोहोर फुटतो, तीच जास्त झाली की फळ मारते. शिवाय संयुक्त फुलांतलीही बहुतेक गळतातच, हजारात एखादं फळ काढणीपर्यंत टिकतं. तेव्हा भरगच्च मोहोर बघून व्यापाऱ्याशी बोलणी करू नयेत!

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हापूसला हापूसचाच पराग नीट लागत नाही, आणि तुमची सगळी बाग एकाच जातीची. दहा-बारा कलमांमागे एक केसर किंवा रत्ना हवाच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली काढलेला रत्ना नीलम आणि हापूसच्या संकराचा आहे, त्यात साका (गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होत नाही. माझं मत रत्नाला, खायलाही चांगला.

देवगडी
हापूसच्या बागेत केसर? उद्या पेटीत फळ वेगळं निघालं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.

पाचरकलम
नाही निघणार. साल, गर, वास हे सगळं आईच्या झाडाचं. बाहेरच्या परागाचा हिस्सा फक्त बाठ्यातल्या बीमध्ये. तो बाठा लावलात तरच पुढे वेगळं झाड येईल.

बंदरावरचो
सगळा खरा, पण पराग नेतलो कोण? आंब्याचो पराग वाऱ्यान फारसो उडणा नाय. मुख्य काम माश्यांचा, मधमाशी आसली तर बरीच. नि आमचे शेजारी भर मोहोरात दिवसाढवळ्या पंप मारतत. मोहोराचो रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर माश्येव मरतत, मग बोंबलतत फळ धरूक नाय म्हणून. आमी सुकटीचो चुरो पोत्यात बांधून झाडाखाली टांगतव. घाण मारता, बायको बोलता, पण माश्ये येतत.

पाचरकलम
बंदरावरचो यांच्याशी शंभर टक्के सहमत. तुडतुडे आणि भुरीचा (मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीचा) बंदोबस्त मोहोर फुटताना, फुलं उमलण्याआधी करा. फुलं पूर्ण उमलली की कीटकनाशक बंद. औषधवाल्याच्या यादीत नेमकं त्या दिवसांतलं काय आहे ते बघा आणि तेवढं खोडा. मोहोर काळा पडत असेल तर भुरी किंवा करपा आहे का तेही तपासा. तो वेगळा आजार आहे, त्याला पराग जबाबदार नाही.

कातळमाळ
भिंग घेतलं! एक शंका, काजूचंही असंच का? बांधावर थोडी झाडं आहेत.

रातांबा
काजू आंब्याच्याच कुळातला, तिथेही नर आणि संयुक्त फुलं एकाच तुऱ्यात. सुरुवातीला बहुतेक नर, मग काही दिवस मिसळ, शेवटी पुन्हा नर. म्हणून मधल्या काळात ढग आले नि टी-मॉस्किटो या रस शोषणाऱ्या किडीने तुरे करपवले की बी गेलीच. नवीन लावायचे तर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ घ्या, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती आहेत.

कातळमाळ
मग रत्नाची कलमं कुठे लावू? मधे जागा नाही.

पाचरकलम
जागा कशाला? बागेत विखुरलेली तीन-चार जुनी कलमं निवडा, प्रत्येकाची एक जाड फांदी छाटा. नवी फूट आली की तिच्यावर रत्नाच्या काडीचं पाचर कलम करा, म्हणजे फुटीत चीर देऊन काडी पाचरीसारखी बसवा. कलमं बांधणारा माणूस गावात मिळेलच, फक्त काडी खात्रीच्या झाडावरची आहे ना ते स्वतः बघा. नव्याने लावलेल्या कलमापेक्षा मोहोर लवकर मिळेल.