मदत हवी आहे: कोकणात वापरलेली २०१२ सालची जिप्सी घेण्यापूर्वी पुढचा अ‍ॅक्सल आणि चासी कशी तपासावी?

नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंतचा चढ जांभ्या दगडाचा असून पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, त्यामुळे साधी गाडी अर्ध्यातच घसरू लागते. फळांच्या पेट्या उन्हाळ्यात पिकअपमधून उतरतात, तेव्हा अडचण नसते. परंतु पावसाच्या तोंडावर खते घालणे आणि जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (मोहर येण्यासाठी झाडाला द्यायचे औषध) देणे ही कामे नेमकी रस्ता सर्वांत वाईट असतानाच करावी लागतात. या कामासाठी जुनी मारुती जिप्सी घेण्याचा आमचा विचार आहे, कारण ती वजनाला हलकी आहे, तिची बांधणी साधी आहे आणि तिचे काम करणारे मिस्त्री अजून मिळतात.

सध्या पाहत असलेली गाडी २०१२ सालची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची, एकाच मालकाच्या नावावरची आहे. आरसीवरील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळतो आणि कर्जाचा बोजाही नाही. २०२७ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल व पर्यावरण कर भरावा लागेल, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. इंजिन थंड असताना लगेच सुरू झाले, धूर नाही, गियर सहज पडतात. त्यामुळे इंजिनाविषयी माझा प्रश्न नाही. शंका आहे ती खालच्या बाजूविषयी.

पहिली शंका पुढच्या हबची. या गाडीत फोर-व्हील वापरायचे तर पुढच्या दोन्ही चाकांचे हब (चाक अ‍ॅक्सलशी जोडणारा मधला भाग) हाताने फिरवून लॉक करावे लागतात. डावा हब बोटांनी फिरला, उजवा मात्र पक्कड लावल्याशिवाय हलेना. मालकांचे म्हणणे असे, की वापर नसल्यामुळे आतले ग्रीस घट्ट झाले आहे. तसे असेलही, परंतु पुढच्या डिफरेन्शियलला (दोन चाकांत फिरकी वाटणाऱ्या गियरच्या पेटीला) लॉक नसल्यामुळे एक हब जरी आत नीट गुंतला नाही, तरी सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि पुढच्या दोन्ही चाकांना काहीच मिळत नाही. लिव्हर फोर-व्हीलवर पडलेला दिसतो, सपाट रस्त्यावर गाडी चालतेही, आणि खरी गरज असलेल्या चढावर ती प्रत्यक्षात मागच्या दोन चाकांवरच चाललेली असते. म्हणून मी पुढील तपासणी ठरवली आहे. मागच्या चाकांना दगड लावायचे, इंजिन बंद करून गियर टाकायचा, दोन्ही हब लॉक करून लिव्हर फोर-हायमध्ये (फोर-व्हीलच्या नेहमीच्या वेगाच्या गियरमध्ये) ठेवायचा आणि पुढचे एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचे. चाक थोड्याशा ढिलाईनंतर अडले तर दोन्ही हब गुंतले आहेत, मोकळे फिरत राहिले तर दोहोंपैकी एखादा गुंतलेला नाही. ही पद्धत पुरेशी आहे का, की हब उघडून आतले दातेच पाहावेत?

दुसरी शंका अधिक गंभीर वाटते. उजव्या चाकामागचा गोल नकल (चाक वळवणारा सांधा) फडक्याने पुसून घेतला आणि थोडी चक्कर मारून आल्यावर पाहिले, तर त्यावर जाड ग्रीसऐवजी पातळ, काळपट तेलाचा ओघळ होता. नुसते बाहेरचे सील गेले असते तर ग्रीस दिसायला हवे होते. पातळ तेल म्हणजे अ‍ॅक्सलचे आतले सील जाऊन डिफरेन्शियलचे ऑइल नकलमध्ये उतरत आहे, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावे. तेच चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले असता थोडा खेळ जाणवला. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगितले, तरी तो खेळ कायम राहिला, म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा नसून किंगपिनचा (ज्या खिळीवर नकल वळतो तिचा) असावा. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरते, त्याचे कारणही हेच असू शकते. किंगपिनची बेअरिंग आणि सगळी सील एकदमच बदलावीत का, आणि त्यासाठी सुट्या भागांचा पूर्ण संच सध्या सहज मिळतो का?

तिसरी बाब चासीची (गाडीच्या खालच्या सांगाड्याची), आणि निर्णय बहुधा तिच्यावरच ठरेल. गाडी कायम किनाऱ्यालगत वापरलेली आहे आणि खालून नुकताच काळा लेप मारलेला आहे. चांगल्या निगेचा भाग म्हणून तो मारला असेल, पण त्याखाली गंज झाकलाही जातो. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) हँगर जिथे चासीला जोडली आहेत तिथे आणि मागच्या चाकांच्या पाठीमागे मी छोट्या हातोडीने ठोकून पाहिले. एके ठिकाणी आवाज बद्द आला आणि लेपाचा पापुद्रा निघाला, आत तांबूस भुकटी होती. मालकांनी लेप खरवडून पाहण्याची परवानगी दिली आहे, ही त्यांची सचोटी मला मोलाची वाटते. वरच्या पत्र्याचा गंज कापून नवा तुकडा जोडता येतो, मात्र पाट्यांचे हँगर बसते त्या जागी चासीच खाल्ली गेली असेल तर तिथे वेल्डिंग करून भरवशाची दुरुस्ती होते का? ज्यांनी अशी दुरुस्ती करून नंतर काही पावसाळे गाडी चालवली आहे, त्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे.

ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या पेटीचे) ऑइल अजून काढून पाहिलेले नाही. ते दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे असे समजेन. फोर-लोमध्ये (फोर-व्हीलच्या संथ, जास्त ताकदीच्या गियरमध्ये) उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर निसटतो का, हे मोकळ्या मातीच्या रस्त्यावर पाहणार आहे. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलची चाचणी घेणार नाही, कारण मधले डिफरेन्शियल नसल्याने वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गियरवर येतो.

नकल, किंगपिन आणि हब यांचा खर्च किमतीतून वजा करून मागण्याची माझी तयारी आहे. चासी कितपत खराब निघाली तर व्यवहार सोडून द्यावा, हे मात्र मला ठरवता येत नाही. रत्नागिरी, लांजा किंवा कणकवली भागात जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे काम नेहमी करणारे गॅरेज कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. पैसे देण्यापूर्वी गाडी तिथे उचलून दाखवण्यास मालक तयार आहेत.