उत्तर: मिक्स्चर, ब्लेंड, अलॉय, कंपाउंड

'मिक्स्चर, ब्लेंड, अलॉय, कंपाउंड या चारही इंग्रजी शब्दांना मराठीत मिश्रण म्हटलं की झालं' असं इथं कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. ब्लेंडपुरतं ठीक आहे. निपाणीत विडीच्या तंबाखूच्या वेगवेगळ्या प्रती हवा तसा कडकपणा येईपर्यंत एकत्र करतात, तो ब्लेंड, आणि त्याला मिश्रण म्हटल्यानं काही बिघडत नाही.

पण मी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, बरीच वर्षं काढली. तिथं साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती आणि पाणी. हे मिक्स्चर, धुतलं तर वाळूचे कण पुन्हा वेगळे होतात. त्याच साच्यात ओततो ते बीड (कास्ट आयर्न) मात्र अलॉय. लोखंडात विरघळलेलं सिलिकॉन भिंगातूनही वेगळं दिसणार नाही. आणि कास्टिंगची, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाची, पातळ कड फार लवकर थंड झाली की तिथला कार्बन ग्राफाइट न होता लोखंडाशी जोडला जातो, तीन अणू लोखंडाचे नि एक कार्बनचा. हे सिमेंटाइट, म्हणजे कंपाउंड. ती कड इतकी कठीण होते की ड्रिल जळतं. सुरुवातीला एक अख्खा लॉट माझा असाच परत आला होता. 'मिश्रण बिघडलं' एवढंच म्हटलं असतं तर आम्ही वाळूच तपासत बसलो असतो. उपाय होता ओतताना फेरोसिलिकॉन (लोखंड नि सिलिकॉनचा अलॉय) टाकण्याचा, म्हणजे कार्बनचा ग्राफाइटच होतो. मराठीत अलॉयला मिश्रधातू आणि कंपाउंडला संयुग हे शब्द आहेतच, ते वापरूया.