मदत हवी आहे : उत्सर्जन-नियमांमुळे मोटारी अधिक टिकाऊ झाल्या, हे कितपत खरे?

नमस्कार. मोटारींच्या टिकाऊपणावर एक लेख लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे. धूर कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमांनी इंजिनाचे आयुष्यही वाढवले, असे माझे मत बनत चालले आहे. मात्र त्याचे किती श्रेय नियमांना द्यावे, हे ठरत नाही.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा भाग) आला. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाने तो निकामी होत असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. त्याबरोबर प्लगवर चढणारी शिशाची पुटे गेली आणि शिशासोबत मिसळल्या जाणाऱ्या क्लोरीन-ब्रोमीनच्या संयुगांपासून तयार होऊन सायलेन्सर आतून खाणारी आम्लेही गेली.

त्याहून महत्त्वाची वाटते ती मुदतीची अट. गाडीने नवी असतानाच नव्हे, तर ५० हजार मैलांपर्यंत धुराची मर्यादा पाळावी, असे बंधन होते आणि १९९० च्या दुरुस्तीने ते एक लाख मैलांपर्यंत नेले. पूर्वीच्या इग्निशनमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत) पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, टोके जळून खड्डे पडत, पॉइंट उघडणारी टाच झिजली की गॅप बदले, गॅपबरोबर टायमिंगही सरके आणि पुन्हा फीलर गेज (फट मोजण्याच्या पट्ट्या) घेऊन बसावे लागे. असा सतत जुळवून घ्यावा लागणारा भाग या अटीत टिकणे कठीणच होते. शिवाय मिसफायर झाले, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल पेटलेच नाही, की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो अतितप्त होतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक इग्निशनची निकड आणखी वाढली. पुढे धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर व कार्बुरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन आल्यावर, चोक ओढून थंड इंजिन चालवताना जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाण्याचे प्रमाणही घटले.

उलट बाजूही आहे. सत्तरच्या दशकातील व्हॅक्यूम नळ्यांच्या जंजाळाने मेकॅनिकांना पुरते छळले. शिशाचे संरक्षण गेल्याने व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) कठीण धातूच्या कराव्या लागल्या. आणि केवळ छोट्या फेऱ्या करणाऱ्या डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर आजही तुंबतो. जपानी कंपन्यांची स्पर्धा, स्वस्त झालेले मायक्रोप्रोसेसर आणि सुधारलेले ऑइल यांचा वाटाही नाकारता येत नाही. म्हणूनच कारणे वेगळी करणे अवघड जाते.

एक मार्ग सुचतो. युरोपात कन्व्हर्टर सर्वत्र आला तो १९९२-९३ च्या युरो १ नियमांबरोबर. त्याआधी एकाच कुळातील इंजिने तिकडे कार्बुरेटरवर आणि अमेरिकेत इंजेक्शनवर विकली जात. अशी दोन्ही इंजिने उघडलेल्या कोणी सिलिंडरच्या बोअरची (आतल्या भिंतीची) झीज मोजून ताडून पाहिली आहे का? अशा मोजमापांची माहिती कुठे मिळेल? तसेच, कोणत्याही नियमाचा रेटा नसताना केवळ ग्राहकांच्या मागणीमुळे पॉइंट किंवा कार्बुरेटर काढून टाकल्याचे उदाहरण ठाऊक असल्यास तेही अवश्य कळवावे, कारण माझ्या मांडणीला खरा छेद तेच देऊ शकेल.