डोंबिवलीचा फ्लॅट माझा, भाडं काकांच्या खात्यात. कर कोणी भरायचा?

दीपाली_शारजा

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला माझ्या एकटीच्या नावावर वन बीएचके आहे, कर्ज फिटलेलं आहे. मी नोकरीमुळे शारजात असते. घर भाड्याने दिलंय आणि सगळं माझे धाकटे काका बघतात. ते रेल्वेतून निवृत्त झालेत, पेन्शन आहे. भाडं 20,000, भाडेकरू दर महिन्याला काकांच्याच खात्यात टाकतो. काका त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर, दुरुस्ती असं सगळं भरतात. त्यांच्या रिक्षा-फोनसाठी 1,500 ठेवून घ्या असं मीच सांगितलंय. त्यांच्या वहीत नळाच्या वायसरचे 60 रुपयेसुद्धा तारखेसकट लिहिलेले असतात, इतका चोख माणूस आहे.

आता अडचण अशी. भाडेकरूच्या ऑफिसने घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन मागितला आणि काकांनी भोळेपणाने स्वतःचा दिला. परवा त्यांच्या एआयएसमध्ये (आयकर विभागाकडे आपल्या पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या माहितीत) 2,40,000 रुपये भाडं म्हणून दिसलं. तेव्हापासून त्यांना झोप नाही. "अगं दीपा, माझ्या नावावर काय लागलंय हे?" म्हणून रोज फोन. माझ्यामुळे त्यांना या वयात नोटीस यायला नको. भारतात मला दुसरं काही उत्पन्न नाही. नेमकं काय करायचं?

सुहास_ठाणे

इतकं टेन्शन घेऊ नका. रिटर्नमध्ये काकांचंच भाडं दाखवा. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत कर शून्य आहे. पेन्शन आणि भाडं मिळूनही ते त्याच्या आतच असतील. पैसे त्यांच्या खात्यात, पॅन त्यांचा, प्रश्नच मिटला.

अनघा_कल्याण

सुहास, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि कल्याण-डोंबिवलीत रिटर्न भरायचं काम करताना मला त्याचे परिणाम निस्तरावे लागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

घरभाड्यावर कर लागतो तो घराच्या मालकाला. पैसे कोणाच्या खात्यात गेले, चावी कोणाकडे असते, याने काही बदलत नाही. घर स्वतःकडे ठेवून नुसतं भाडं दुसऱ्याला दिलं तरी ते मालकाचंच उत्पन्न धरायचं, असं 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 60 सांगतं. एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तत्त्व तेच आहे.

दीपाली, तुमचा हिशोब मांडू. वर्षाचं भाडं 2,40,000. महापालिकेचा कर समजा 6,000 भरला, तो वजा. उरले 2,34,000. त्याच्या 30 टक्के, म्हणजे 70,200, सरसकट वजावट. करपात्र राहिले 1,63,800. नव्या कररचनेत 4 लाखांपर्यंत कर नाही, जुन्या रचनेतली अडीच लाखांची मर्यादासुद्धा तुम्ही ओलांडत नाही. म्हणजे ज्या कराच्या भीतीने काकांचं नाव पुढे करायचं, तो तुम्हाला मुळात लागतच नाही. (सुहास म्हणतात ती 12 लाखांची सवलत मात्र फक्त निवासी व्यक्तींना आहे, अनिवासींना म्हणजे तुमच्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना नाही. ज्यांचं भाडं मोठं आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.)

मेंटेनन्स, प्लंबर, काकांचे 1,500 हे वेगळे वजा होत नाहीत. ते सगळं त्या 30 टक्क्यांत आलं. काकांना तुम्ही कामाचा मोबदला म्हणून पैसे देत असाल तर ते त्यांचं उत्पन्न आणि त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. खर्चाची नुसती भरपाई असेल तर वहीत तसं लिहून ठेवा.

आता काकांचा खरा धोका. समजा कोणी विचारलं, घर तुमचं नाही तर हे 2,40,000 कसले? "पुतणीने दिले" म्हणाले तर आणखी अडकतील. काकांकडून पुतणीला आलेली भेट करमुक्त आहे, पण पुतणीकडून काकांना गेलेली नाही! घेणाऱ्याच्या बाजूने नातेवाइकांची यादी बघतात आणि त्या यादीत आई-वडिलांची भावंडं आहेत, भावंडांची मुलं नाहीत. वर्षात 50,000 च्या वर गेलं की पूर्ण रक्कम करपात्र. म्हणून त्यांनी पैसे तुमच्या वतीने घेतले आणि तुमच्याच घरासाठी खर्च केले, उरलेले तुम्हाला दिले, हे कागदावर दिसलं पाहिजे. ती वही जपून ठेवा, सोन्यासारखी आहे.

एआयएसमध्ये त्या नोंदीवर काकांनी "ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे" असा अभिप्राय नोंदवायचा. भाडेकरूने ऑफिसात तुमचा पॅन देऊन दुरुस्ती करून घ्यायची. आणि तुम्ही तुमचं रिटर्न भरा, आयटीआर-2, कारण अनिवासींना आयटीआर-1 चालत नाही. कर शून्य असला तरी भरा, म्हणजे ते भाडं कुठेतरी योग्य नावावर नोंदलं जाईल.

नाशिकचा_धाकटा

मी काकांच्या जागेवर आहे. मोठा भाऊ मस्कतला, इंदिरानगरचा त्याचा फ्लॅट मी बघतो. आम्ही पहिल्यापासून भाडं थेट त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या कमाईसाठीच्या बँक खात्यात) घेतो आणि मला त्या खात्यावर मुखत्यार म्हणून अधिकार दिलाय. महापालिका, सोसायटी, रंगारी, सगळ्यांना तिथूनच पैसे जातात. माझ्या खात्याचा संबंधच येत नाही, त्यामुळे घरात वहिनीला किंवा माझ्या बायकोला कधी शंका येण्याचाही प्रश्न नाही. पैशावरून भाऊबंदकी कशी होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दीपाली, बाहेर केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायला सांगा. ही मुदत लोकांची चुकते. करारही बघा. मालक म्हणून तुमचं नाव आणि "तर्फे कुलमुखत्यार" म्हणून काकांचं, असाच लीव्ह अँड लायसन्स हवा. आणि तो नोंदवलेला हवा, महाराष्ट्रात 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची.

दीपाली_शारजा

अनघाताई, दादा, किती आभार मानू. आत्ताच काकांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, आवाजातच फरक पडला. करारात मालक म्हणून काकांचंच नाव आहे, तो पुढच्या महिन्यात संपतोय, नवा माझ्या नावाने करते. एक विचारू का? भाडं महिन्याला 50,000 च्या आत आहे, तर भाडेकरूला टीडीएस (भाड्यातूनच आधी कापून भरायचा कर) कापायची गरज नाही ना?

अनघा_कल्याण

हे विचारलंत ते फार बरं केलंत. ती 50,000 ची मर्यादा निवासी मालकासाठी आहे. मालक अनिवासी असेल तर पहिल्या रुपयापासून टीडीएस, दर 30 टक्के आणि त्यावर सेस धरून 31.2. तुमच्या बाबतीत महिन्याला 6,240, वर्षाला 74,880. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) घ्यावा लागतो, दर महिन्याला चलन भरावं लागतं आणि दर तिमाहीला विवरणपत्र. कापला नाही तर विभाग भाडेकरूकडून व्याजासकट वसूल करू शकतो. काकांच्या नावाने करार असल्यामुळे त्या बिचाऱ्याला तर हे माहीतच नसणार. त्याला आधी सांगा, आपल्या घरात राहणाऱ्या माणसाला अंधारात ठेवायचं नाही.

कापलेला कर रिटर्न भरल्यावर तुम्हाला परत मिळेल. पण वर्षभर पैसे अडकू नयेत म्हणून आयकर विभागाकडे कमी किंवा शून्य दराने कपातीचा दाखला मागता येतो. अर्ज ऑनलाइन, तुमच्या पॅनवर. दाखला भाडेकरूच्या टॅनला जोडून मिळतो, म्हणजे टॅनशिवाय सुटका नाहीच. "कर कापू नका" म्हणून निवासी लोक भरतात तो फॉर्म (पूर्वीचा 15जी) तुम्हाला चालत नाही, बँकेत कोणी दिला तरी सही करू नका.

भाडेकरू टॅनला कंटाळून "मग दुसरं घर बघतो" म्हणण्याची शक्यता आहे, हे खरं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुचवते की टॅनचा अर्ज आणि तिमाही विवरणपत्राचा खर्च मालकाने उचलावा. तुमच्या काकांसारखा चोख माणूस तारखा सांभाळेल. दर महिन्याची 7 तारीख त्यांना वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवायला सांगा. मार्चमध्ये कापलेल्या कराला मात्र 30 एप्रिलपर्यंत मुदत असते.

दीपाली_शारजा

सांगते. टॅनचा खर्च मीच देईन. भाडेकरूची मुलगी तिथल्याच शाळेत पाचवीला आहे, त्यांना हलायला लागू नये.