३८ व्या मिनिटाला मावसभावाचं सगळं जळालं, तरी गेम जिंकलो. आमचं डोकं का त्यांचा माज?

परभणीचा_हॅल्ब
एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे राज्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम, अरेबिया मॅप, २ विरुद्ध २. मी परभणीत, मावसभाऊ लातुरात. मी बायझंटाइन, तो हिंदुस्तानी, समोर फ्रँक्स अन् मंगोल. ३८ व्या मिनिटाला फ्रँक्सचे पॅलाडिन (भारी घोडेस्वार) अन् मंगोलांचे मांगुदाई (घोड्यावरचे तिरंदाज) दोघं मिळून भावाच्या घरात घुसले, टीसी (टाउन सेंटर, वस्तीचं मुख्य केंद्र) गेला, शेतं गेली, हा पठ्ठ्या पाच व्हिलेजर (कामकरी माणसं) घेऊन माझ्या मागच्या कोपऱ्यात झाडांच्या आडोशाला जाऊन बसला अन् कॉलवर म्हणतो रिझाइन करू का, हार मानू का. मी म्हणलं थांब लेका, बस तिथंच.

त्यांचा स्कोर आमच्या दुप्पट. मी मार्केटातून भावाला लाकूड, दगड पाठवायलो, कॉइनेज (पाठवणीवरचा कट कमी करणारं संशोधन) केलेलं नव्हतं म्हणून १०० पाठवायला माझे १३० जायले, जीव जळत होता. त्यानं त्या कोपऱ्यात २७५ लाकूड अन् १०० दगडाचा नवा टीसी उभा केला. इकडं माझ्या एकुलत्या एका कॅसलखाली नुसते हॅल्ब (हॅलबर्डियर, लांब भाल्याचं पायदळ) काढायलो, ते मरायलेत, परत काढायलो. त्यात आमची लाईट गेली, इन्व्हर्टरवर राउटर अन् एक बल्ब, लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के, अन् मम्मी भाकरी थंड व्हायली म्हणून तिसऱ्यांदा ओरडायली.

मग तासाभरानंतर काय झालं कळंनाच, पॅलाडिन यायचे बंदच झाले. साधे भालेवाले अन् स्काउटवाले घोडे यायले. दीड तासाला समोरून जीजी, म्हणजे त्यांनी हार मानली. आता प्रश्न असाय की आमी जिंकलो का ते हरले? रिप्ले दोनदा बघितला तरी नेमकं कुठं फिरलं कळंना.

नांदेडी_ट्रेब
भाऊ स्कोर बघूच नका. त्यात टेक्नॉलॉजी, फिरून उघडलेला मॅप, मारलेली माणसं, सगळ्याचे मार्क असतात, आत्ता खिशात काय आहे ते त्यात कळत नाही. तुमी रिप्लेमधे त्यांच्या सोन्याचा आकडा बघा, लढाई नका बघू. कॅप्चरएज (रिप्ले आकड्यांसकट दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर अजून सोपं जाईल.

एक पॅलाडिन म्हणजे ६० अन्न ७५ सोनं. हॅल्ब ३५ अन्न २५ लाकूड, अन् बायझंटाइनला तो पाव किमतीनं कमी, म्हणजे २६ अन् १९ च्या आसपास. घोड्यावर त्याला बोनस आहेच. एका पॅलाडिनमागं तुमचे दोन हॅल्ब गेले तरी तुमचंच भलं, कारण शेत परत पेरता येतं, सोन्याच्या एका ढिगात ८०० असतं ते संपलं की संपलं. मांगुदाईलाबी सोनंच लागतं. मग ते मार्केटात अन्न-लाकूड विकत बसले असणार, अन् तिथं दर १०० विकले की भाव पडतो, आपल्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढल्यावर पडतो तसाच, फरक एवढाच की इथं अडत्याच्या नावानं बोंबलता येत नाही.

एकच शंका आहे. ते दोघं होते, ट्रेड कार्ट (व्यापारी गाड्या) लावून एकमेकांच्या मार्केटाशी व्यापार केला असता तर सोनं कधीच संपलं नसतं. तो का नाही केला?

खुलताबाद_साईड
डोकं कसलं, माज. पाच व्हिलेजर जिवंत आहेत हे माहीत असून कोपऱ्यात एक घोडा फिरवला नाही त्यांनी. अशांना हरायलाच पायजे.

बाकी आमच्याकडं हा गेम १२९६ लाच होऊन गेलाय. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तवा यादव राजा रामदेवरायाची मोठी फौज पोराबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर गेलेली. आज बघितला तर किल्ला असा की सरळ तासलेला कडा, खाली खंदक, आत अंधारी वाट. चढून घेणं अवघडच. पण वेढा बसल्यावर धान्य म्हणून वर नेलेल्या गोण्या उघडल्या तर त्यात मीठ, असं सांगतात. पुढं मलिक अंबरानं १६२४ ला भातवडीला तलावाचा बांध फोडून समोरच्याची वाटच चिखलात घातली, तेबी जवळपास ह्याच चालीतलं. मुलांना सहलीला नेलं की मी मिठाच्या गोण्यांचंच सांगतो, तोफा सगळेच दाखवतात.

लातूरचा_मावसभाऊ
मीच तो पाच व्हिलेजरवाला. ह्यानं अर्धीच गोष्ट सांगितली, नेहमीसारखी.

@नांदेडी_ट्रेब भाऊ, ट्रेड केलता त्यांनी. चांगले वीसेक कार्ट होते, मॅपच्या दोन टोकाला मार्केट, लांब असलं की फेरीला सोनं जास्त मिळतं ना. हे साहेब हॅल्ब हॅल्ब करत बसले तवा मी नव्या टीसीतून शेतं टाकली, हिंदुस्तानीचे व्हिलेजर स्वस्त पडतात, अन् ८० अन्नाचे लाइट कॅव (हलके घोडेस्वार) काढले, सोनं लागतंच नाही. पंधरा घोडे कडेकडेनं नेले अन् त्या कार्टच्या रांगेत सोडले. एक भालेवाला नव्हता तिथं राखणीला. मी कॉलवर बोंबलायलो की कार्ट मारले कार्ट मारले, अन् हा म्हणतो थांब, मम्मीला बोलून येतो.

नांदेडी_ट्रेब
झालं की मग. खाण संपलेली अन् कार्ट गेले. मिनिट किती होतं?

परभणीचा_हॅल्ब
आत्ता परत लावून बघितलं. १ तास ४ मिनिटं. त्याच्यानंतर फ्रँक्सवाल्यानं एक पॅलाडिन काढला नाही. कबूल, कार्टचं श्रेय त्याचं, मी तवा खरंच स्वयंपाकघरात होतो.

पण रिप्लेत अजून एक दिसलं. त्या पाचातला एक व्हिलेजर ३८ व्या मिनिटापासून गेम संपेपर्यंत झाडाजवळ नुसता उभाय. एक लाकूड तोडलं नाही त्यानं. अन् मी इकडं ३० टक्के कट देऊन लाकूड पाठवायलो.

लातूरचा_मावसभाऊ
तो पहाऱ्यावर होता.